चुन्याचं वय

एकतीस वर्षं सिव्हिलच्या थिएटरात
मी दुसऱ्यांच्या श्वासाचा चुना बदलला.
भुलीच्या मशीनला खाली एक पारदर्शक डबा असतो,
त्यात पांढरे दाणे, साबुदाण्याहून जाडसर.
झोपलेला माणूस जे सोडतो ते गिळतात,
गिळता गिळता जांभळे पडतात.
जांभळं अर्ध्याच्या वर चढलं
की डॉक्टरांनी सांगायची वाट बघायची नाही.
एवढंच माझं शिक्षण. त्यावर पेन्शन.

भाचा बालराज उजनीत उतरतो,
सोलापूरला पाणी ओढणाऱ्या जाळ्या तपासायला.
चार दिवसांनी नळाला जे येतं, त्याच्या मुळाशी.
तळाला गाळ. बुडबुडा सुटला की गढूळ, हात दिसत नाही.
म्हणून त्याच्या पाठीवरचं यंत्र बुडबुडा सोडत नाही.
सोडलेला श्वास डब्यातून फिरून
परत त्याच्याच तोंडात.
डब्यात तोच माझा चुना. अडीच किलो.

"मामा, किती टिकतंय हे?"
कागदावर तीन तास लिहिलंय.
कागदावरचा श्वास कंपनीच्या मशीननं घेतलाय,
एका मापात, एका पाण्यात.
त्या मशीनचा पाय कधी जाळीत अडकला नाही.
पाणी गार असलं की चुना आळसावतो.
तू जोर लावलास की तो लवकर दमतो.
नीट ठोकून भरला नाहीस तर दाण्यांत वाट पडते
आणि श्वास त्या वाटेनं, न धुता, निघून येतो.
आम्ही चुना लावतो म्हणतो ना फसवण्याला,
इथं चुन्यालाच फसवतात.

गुरुवारी त्यानं पिशवीतून डबा काढला.
रविवारी दीड तास वापरलेला, तोंड टेपनं बंद.
"बघा, तेव्हा जांभळा होता, आता पांढरा.
आराम मिळाला की ताजा व्हायलाय."
अशोक चौकातले माग खडखडत होते.
राजमणी उंबऱ्यात विड्या वळत होती,
सहाशे झाल्या होत्या, चारशे राहिल्या होत्या.
मी म्हटलं, चुना झोपून ताजा होत नसतो बे.
रंग तेवढा परततो.

मग जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं.
शहाण्णव सालचा सोमवार.
हैदराबाद रोडवरचा एक क्लीनर, मांडीचं हाड.
शनिवारचा डबा, दोन रात्रीत पांढराशुभ्र झालेला.
मी बघितला, आणि पुढं गेलो.
विसाव्या मिनिटाला त्याच्या कपाळावर घाम,
नाडी पळायला लागली, तोंड लाल.
डॉक्टर औषधं बदलत राहिले.
मी डब्याला हात लावला. गार होता.
काम करणारा चुना ऊन लागतो हाताला,
नुकत्याच उठलेल्याच्या अंथरुणासारखा.
बदलला. वाचला तो.
जाताना माझ्याच पाया पडला,
मीच बदलला म्हणून.

बालराज काही बोलला नाही.
मी टेप फाडली, डबा अंगणात उपडा केला.
"केवढ्याला पडतंय ते!" राजमणी ओरडली.
तो बिचारा आकडा सांगणार होता, गप्प राहिला.
नवीन पिंप फोडलं. थोडं ओतायचं, डबा थोपटायचा,
फिरवायचा, पुन्हा थोपटायचा,
राजमणी कट्टा ठोकते तसा, बोटांत रिकामी जागा उरू न देता.
धूळ फुंकून टाक, म्हटलं, ती नाकात जाऊ देऊ नकोस.
पट्टीवर स्केचपेननं लिहिलं: शुक्रवार. शून्य मिनिटं.
"एकदा उतरायचं, एकदा ओतून द्यायचं.
अर्धा तास जरी वापरलास तरी."
"अर्धा तास जरी?"
मी नखावरचा चुना तंबाखूत मळला
आणि उत्तर दिलं नाही.

तो पहाटे उजनीला गेला.
मी उठलो तेव्हा उन्हं अंगणात आली होती.
राजमणीनं ते दाणे झाडून सुपात भरले होते,
ओंजळीत घेऊन उजेडाला धरून बघत होती.
"चांगलेच तर दिसालेत की रे," म्हणाली.